नियम पाळला आणि बघायचं राहून गेलं

मागच्या वर्षी माझ्या मामेभावाने माझ्याकडून एक शब्द घेतला. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या गेमचा त्याला नाद लागला होता, त्यात डोक्यावर कर्ज झालं, ते घरच्यांनी मिळून कसंबसं फेडलं, आणि त्यानंतर एका संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, मला एक शब्द दे. मी पुढे कधीही तुझ्याकडे पैसे मागितले, कितीही गयावया केली, कुठलंही कारण सांगितलं, तरी द्यायचे नाहीत. कुठलंही म्हणजे कुठलंही." मी शब्द दिला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

चार महिन्यांनी रात्री उशिरा त्याचा फोन आला. सासऱ्यांना अ‍ॅडमिट केलंय, सकाळी ऑपरेशन आहे, पैसे कमी पडतायत. आवाज कापत होता. मला वाटलं, आलं ते कारण, ज्याबद्दल तो म्हणाला होता. मी अगदी शांतपणे त्याला त्याच्याच बोलण्याची आठवण करून दिली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग "बरोबर आहे ताई तुझं" म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्या रात्री व्यवस्थित झोप लागली.

ऑपरेशन खरं होतं. ते एक दिवस पुढे ढकलावं लागलं, वहिनीने तिच्या ओळखीत कुणाकडून तरी पैसे उभे केले, सासरे आता बरे आहेत. वहिनी माझ्याशी बोलते पण पहिल्यासारखं नाही. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की वहिनीचा नंबर माझ्याकडे होता, तिला एक फोन लावला असता तर दोन मिनिटात सगळं कळलं असतं, आणि मी तो लावला नाही कारण लावायची गरजच वाटली नाही. माझ्याकडे नियम होता ना.

तत्त्वज्ञान हा माझा एम.ए.चा विषय. वैश्विक नैतिक नियमांवरचे आक्षेप मी परीक्षेसाठी पाठ केलेत, त्यावर मित्रमैत्रिणींशी रात्र रात्र वाद घातलेत. पण ते आक्षेप नेमके कुठे बोचतात हे मला त्या फोननंतर कळायला लागलं, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, पण लिहायचंच आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवते कारण इथे कायम घोळ होतो. नियम वैश्विक आहे असं म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी म्हणत असतो. एक म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, रावाला वेगळा आणि रंकाला वेगळा असं नाही, दुसऱ्याने जे केलेलं मला चालत नाही ते मी पण करायचं नाही. दुसरी म्हणजे नियम सगळ्या प्रसंगांना सारखा, परिस्थिती काहीही असो. पहिल्या गोष्टीशी माझं काहीच भांडण नाही, ती सोडली तर बळी तो कान पिळी एवढंच शिल्लक राहतं, आणि "प्रत्येकाची नीती वेगळी, आपण कोण बोलणार" हे म्हणणं मला आजही पटत नाही. माझा प्रश्न दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. गंमत म्हणजे पहिलीचा मान दुसरीला आपोआप मिळून जातो, आणि नियमाला जरा मुरड घाला म्हणणारा माणूस स्वतःसाठी सवलत मागतोय असं वाटायला लागतं.

आता कांट. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मधे त्याची कसोटी मांडली, की तू ज्या सूत्राप्रमाणे वागतोयस ते सूत्र सगळ्या जगाचा नियम व्हावं असं तुला म्हणता येईल का ते बघ, येत नसेल तर वागू नकोस. ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी भारावून गेले होते आणि आजही ती मला फार सुंदर वाटते, कारण माणूस स्वतःला फसवतो तो बहुतेक वेळा "माझी गोष्ट वेगळी आहे" असं म्हणूनच, आणि ही कसोटी बरोबर तिथेच हात घालते. कांटने तिथे चार उदाहरणं दिलीत. त्यातलं दुसरं पैसे उसने मागणाऱ्या माणसाचं आहे, परत करता येणार नाहीत हे माहीत असून तो परतफेडीचं वचन देतो, आणि कांट म्हणतो की सगळेच असं वागले तर वचन या गोष्टीलाच अर्थ राहणार नाही. चौथं उदाहरण सुस्थितीतल्या माणसाचं, त्याला दुसऱ्याची अडचण दिसतेय पण तो म्हणतो मला काय त्याचं. तेही कसोटीत नापास, कारण उद्या तुझ्यावर वेळ आली तर तुलाही मदत लागणारच. म्हणजे माझा तो फोन कांटच्या दोन उदाहरणांच्या मधे येऊन पडला होता. शब्द मोडला तर दुसरं उदाहरण आडवं येतं, शब्द पाळला तर चौथं.

यावर कांटकडे उत्तर आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वचन पाळणं हे त्याच्या मते पूर्ण कर्तव्य, त्यात सूट नाही, आणि मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य, म्हणजे कुणाला, कधी, किती करायची यात आपल्याला मोकळीक असते. त्या हिशोबाने मी बरोबर होते. खरं सांगायचं तर त्या रात्री झोप लागली ती याच हिशोबावर.

पण मी त्या रात्री नक्की केलं काय? मी शब्द पाळला. मी शहानिशा न करता नाही म्हटलं. मी नादातून सुटू बघणाऱ्या माणसाला आधार दिला. मी उद्या ऑपरेशन असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या जावयाला मोकळ्या हाताने परत पाठवलं. ही चारही वाक्यं खरी आहेत, एकाच कृतीची आहेत, आणि कसोटीत प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो. तर कसोटीला यातलं कुठलं वाक्य द्यायचं? हे कसोटी सांगत नाही, सांगू शकतच नाही, तिचं काम वाक्य हातात आल्यानंतर सुरू होतं. एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईने १९५८ च्या तिच्या गाजलेल्या लेखात कांटवर हाच ठपका ठेवला होता, की कृतीचं वर्णन कसं करायचं हे आधी ठरल्याशिवाय हा नियम निरुपयोगी आहे. परीक्षेत मी हे एका ओळीत लिहून मार्क मिळवलेत. आता मला वाटतं की खरा नैतिक निर्णय सगळा त्या वर्णनाच्या निवडीतच होऊन जातो, आणि नियम मागाहून येऊन शिक्का मारतो.

वर्णन आपल्या हातात असल्यावर काय काय करता येतं बघा. खोटं वचन द्यायचंय ना, मग सूत्र असं करा, "माझ्याच उंचीचा, माझ्याच वयाचा, माझ्याच नावाचा माणूस आजच्या तारखेला अशाच अडचणीत असेल तर त्याने खोटं वचन द्यावं". हे जगभर लागू केलं तरी वचन या संस्थेला धक्का लागत नाही, कारण असा माणूस एकच आहे. उलट बाजूने, "ज्या वाटेवर कुणी नसतं तिथेच मी फिरायला जाईन" हे साधंसुधं सूत्र सगळ्यांना लावलं की मोडतं, सगळेच तिथे आले तर वाट रिकामी कशी राहणार, पण म्हणून रिकाम्या वाटेने फिरायला जाणं अनैतिक झालं का? कांटवाले म्हणतात की अशी लबाडीने कोरलेली सूत्रं धरायची नाहीत, माणूस खरोखर कुठल्या हेतूने वागतोय ते धरायचं. बरोबर आहे. पण लबाडीने कोरलेलं कुठलं आणि प्रामाणिक कुठलं हे ओळखायला जी नजर लागते ती नियमातून येत नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की मग त्या नजरेबद्दल बोलूया.

कांटनंतरचा जर्मन तत्त्वज्ञ हेगेल, त्याचा आक्षेप जरा वेगळा आहे. १८२१ मधे तो म्हणतो की ही कसोटी आतून पोकळ आहे. खाजगी मालमत्ता असावी हे आधी गृहीत धरलं तर चोरी विसंगत ठरते, पण मालमत्ताच नसलेल्या जगात विसंगती कुठली? म्हणजे काय जपायचं हे बाहेरून यावं लागतं.

सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग अर्थात दारात आलेल्या खुन्याचा. फ्रान्सच्या बेंजामिन कॉन्स्टन्टने आक्षेप घेतला होता की खरं बोलण्याचं कर्तव्य असं सरसकट धरलं तर समाजच अशक्य होईल, आणि त्यावर कांटने १७९७ मधे छोटासा निबंध लिहून उत्तर दिलं. मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात येऊन विचारतोय तो आत आहे का, तरीही खोटं बोलायचं नाही. कांटचा युक्तिवाद असा, की तुम्ही खोटं बोललात आणि तेवढ्यात मित्र मागच्या मागे बाहेर पडला असेल आणि रस्त्यात खुन्याच्या तावडीत सापडला तर त्याचा दोष तुमच्यावर येतो, खरं बोललात तर जे होईल त्याला तुम्ही जबाबदार नाही.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला कौशिक आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारताच्या कर्णपर्वातली गोष्ट, नद्यांच्या संगमाजवळ राहणारा कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना घाबरून काही लोक जवळच्या झाडीत लपतात, दरोडेखोर येऊन कौशिकाला विचारतात, तो खरं सांगतो, लोक मारले जातात. आणि महाभारत निकाल देतं की कौशिक नरकात गेला. म्हणजे प्रसंग जवळपास तोच आणि निकाल उलटा. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते ही गोष्ट कुणाला सांगितली जाते आणि कधी. अर्जुनाची प्रतिज्ञा असते की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला ठार मारीन. कुणीही म्हणजे कुणीही. आणि रागाच्या भरात ते नेमकं युधिष्ठिर म्हणतो, आणि अर्जुन तलवार उपसतो, सख्ख्या भावावर. तेव्हा कृष्ण त्याला थांबवून कौशिकाची गोष्ट सांगतो. प्रतिज्ञा करताना अर्जुनाच्या डोळ्यासमोर हा प्रसंग असणं शक्यच नव्हतं. "कुणीही" हा शब्द उच्चारायला सोपा असतो, कारण तेव्हा समोर कुणीच नसतं. माझ्या भावाचं "कुठलंही कारण" तसंच होतं.

टिळकांनी गीतारहस्यात, म्हणजे १९१५ साली छापून आलेल्या ग्रंथात, कर्मजिज्ञासा या प्रकरणात अहिंसा, सत्य, अस्तेय अशा एकेका नियमाचे अपवाद गोळा केलेत ते वाचण्यासारखं आहे. आपल्या परंपरेत नियमांची अडचण काही परदेशातून आलेली नाही.

आता कांटच्या बाजूने एक गोष्ट. क्रिस्टीन कोर्सगार्ड ही कांटचीच अभ्यासक, तिने १९८६ मधे दाखवलं की कांटच्याच कसोटीने खुन्याशी खोटं बोलता येतं. खुनी काही "मी खून करायला आलोय" असं सांगून विचारत नाही, तो स्वतःच तुम्हाला फसवतोय, तुम्हाला त्याचा बेत माहीत नाही असं तो धरून चाललाय, त्यामुळे सगळ्यांनी अशा वेळी खोटं बोलायचं ठरवलं तरी ते खोटं चालून जाईल. युक्तिवाद हुशार आहे. पण मला तो वाचून वेगळंच काहीतरी जाणवलं. एकच कसोटी, एकच दार, एकच खुनी, आणि कसोटी लिहिणाऱ्याचा निकाल एक तर दोनशे वर्षांनी त्याच्या सर्वात समजूतदार वाचकाचा निकाल दुसरा, आणि फरक कुठून आला तर सूत्र कसं लिहिलं त्यातून. आणि कोर्सगार्डला सूत्र तसं लिहावंसं वाटलं, कारण मित्राला वाचवायचं हे तिला आधीच स्पष्ट दिसत होतं.

यावर आपल्यातले बरेच जण सहज म्हणतात, त्यात काय एवढं, नियमाला अपवाद जोडा. खोटं बोलू नये, खुनी विचारत असेल तर सोडून. शब्द पाळावा, ऑपरेशन असेल तर सोडून. मी पण काही दिवस हा खेळ मनात खेळून बघितला. ऑपरेशन असेल तर सोडून, पण खरंच असेल तर, आणि तातडीचं असेल तर, आणि पैसे थेट हॉस्पिटलमधे भरता येणार असतील तर, आणि दुसरीकडून मिळण्यासारखे नसतील तर. हे संपत नाही. संपलं असतं तरी "तातडीचं" म्हणजे काय आणि "मिळण्यासारखे" म्हणजे काय हे प्रत्येक वेळी मलाच ठरवावं लागणार, त्यासाठी आणखी नियम आणला तर तो कुठे लागतो हे ठरवायला आणखी एक. आणि हे कांटला पुरेपूर माहीत होतं! १७८१ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने लिहिलंय की नियम कुठे लावायचा हे ठरवण्यासाठी परत नियम देता येत नाहीत, तारतम्य ही उपजत देणगी आहे, ती सरावाने वाढते पण शिकवता येत नाही. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, की ज्या माणसाने हे लिहिलं त्यानेच खुन्याला दार उघडून खरं सांगायला लावावं.

अ‍ॅरिस्टॉटल याबाबतीत मला जास्त शहाणा वाटतो. तो म्हणतो कायदा सर्वसाधारण बोलतो आणि काही गोष्टींबद्दल सर्वसाधारण बोलून बरोबर बोलताच येत नाही, यात कायद्याची चूक नाही आणि कायदा करणाऱ्याचीही नाही, त्या गोष्टींचा स्वभावच तसा आहे. आणि मग तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीचं उदाहरण देतो. ती पट्टी शिशाची असायची, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. अनियमित गोष्टीचं माप घ्यायचं तर पट्टीलाही वाकता आलं पाहिजे. पण लक्षात घ्या, ती पट्टीच आहे. ती नसती तर नुसता डोळ्याचा अंदाज उरला असता.

नियमाच्या शब्दावर सगळा भार टाकला की अजून एक गोष्ट होते, माणूस शब्दांशी हुशारी करायला लागतो. कांटच्याच आयुष्यात हे घडलंय. १७९४ मधे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याने त्याच्या धर्मविषयक लेखनावर नाराजी कळवली, तेव्हा कांटने उत्तरात लिहून दिलं की "महाराजांचा निष्ठावान प्रजाजन म्हणून" मी यापुढे धर्मावर जाहीरपणे बोलणार नाही. १७९७ मधे राजा वारला, आणि १७९८ मधे कांटने परत धर्मावर लिहिलं आणि सांगून टाकलं की ते शब्द मी मुद्दाम निवडले होते, वचन त्या महाराजांच्या हयातीपुरतंच होतं. मी कांटला दोष देत नाही, लेखणीवर सत्ता येऊन बसल्यावर माणूस काय करेल, त्याच्या जागी मीही केलं असतं. पण आपल्या भाषेत याला नरो वा कुंजरो वा म्हणतात. आणि परत तो अर्जुन, कृष्ण त्याला सुचवतो की वडीलधाऱ्याला अरेतुरे करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच, तेवढं कर आणि प्रतिज्ञा पाळली म्हण. इतक्या मोठ्या माणसांना नियमाच्या शब्दाला चकवावं लागतं तेव्हा मला वाटतं की योग्य काय हे त्यांना दिसलेलं आहे, फक्त नियमासमोर ते उघड म्हणायची सोय नाही.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाची गोष्ट, ती लिहिताना हात जड होतो. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी आइकमन, त्याने १९६१ मधे जेरुसलेमच्या खटल्यात सांगितलं की मी आयुष्यभर कांटच्या नीतीप्रमाणे जगलो, आणि न्यायाधीशांनी खोदून विचारल्यावर त्याने कांटच्या सूत्राची बऱ्यापैकी बरोबर व्याख्या पण सांगितली. त्याने कांटचा विपर्यास केला होता हे उघड आहे, कांटच्या नीतीत माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायला जागाच नाही. पण विचारवंत हाना आरेन्टने या खटल्यावरच्या तिच्या लिखाणात नोंदवलेली एक बाब मी विसरू शकत नाही. आइकमनने दोनदा नियमाला अपवाद केला होता, नात्यातल्या एका अर्धज्यू मुलीला आणि व्हिएन्नामधल्या एका ज्यू जोडप्याला मदत केली होती, आणि कोर्टात त्याला शरम वाटत होती ती त्या दोन अपवादांची. आयुष्यात जेवढ्यापुरता तो माणसासारखा वागला तेवढंच त्याला चूक वाटत होतं, कारण तिथे नियम मोडला होता.

आर. एम. हेअर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६३ मधे हीच अडचण समोरून मान्य केली. सगळ्यांना सारखं लावायचं हे तत्त्व कट्टर माणसाला अडवू शकत नाही, कारण खरा कट्टर नाझी म्हणेल की मी ज्यू निघालो तर मलाही मारा. सूत्र वैश्विक आहे, सुसंगत आहे, आणि भयानक आहे.

उपयुक्ततावाद्यांनी, म्हणजे परिणामी ज्यात सगळ्यांचं जास्तीत जास्त भलं तेच योग्य मानणाऱ्यांनी, नियमांना वेगळ्या बाजूने वाचवायचा प्रयत्न केला, की ज्या नियमांनी एकूण सगळ्यांचं भलं होतं ते पाळा. जे. जे. सी. स्मार्टने १९५६ मधे सरळ विचारलं, या प्रसंगात नियम मोडल्याने जास्त भलं होणार हे दिसतंय तरी पाळायचा म्हणजे ही नियमपूजाच झाली ना, आणि मोडायचा तर मग नियम उरला कुठे. मला या शाखेत फार काही सापडलं नाही, त्यामुळे पुढे जाते.

डब्ल्यू. डी. रॉसने १९३० मधे मांडलेली गोष्ट मात्र मला रोज उपयोगी पडते. तो म्हणतो कर्तव्यं एक नाही, अनेक आहेत, शब्द पाळणं, केलेल्या चुकीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, दुसऱ्याचं भलं, स्वतःची सुधारणा, आणि कुणाला इजा न करणं. प्रत्येकाचा आपल्यावर हक्क आहे पण कुणाचाच अंतिम नाही, आणि यांचा कायमचा क्रम लावता येत नाही. शेवटी कुठलं जास्त वजनाचं हे त्या प्रसंगाकडे बघूनच कळतं. आणि जे मागे पडतं ते नाहीसं होत नाही, त्याची रुखरुख राहते आणि भरपाईचं नवीन कर्तव्य तयार होतं. हे फार खरं आहे. मी पैसे दिले असते तरी भावाला दिलेला शब्द मोडल्याचं ओझं राहिलं असतं आणि ते राहायलाच हवं होतं.

जोनाथन डॅन्सी याच्याही पुढे जातो, त्याच्या मते कारणाचं वजनच नाही तर दिशा पण प्रसंगाप्रमाणे बदलते. त्याचं उदाहरण, मी तुमच्याकडून पुस्तक उसनं घेतलंय हे ते तुम्हाला परत करायचं कारण आहे, पण मला कळलं की ते तुम्ही लायब्ररीतून चोरलं होतं, तर तुम्हाला परत करायला काहीच कारण उरत नाही. हे तर प्लेटोने पण रिपब्लिकच्या सुरुवातीला विचारून ठेवलंय, शहाणा असताना मित्राने शस्त्र ठेवायला दिलं आणि वेडाच्या भरात परत मागतोय, तर द्यायचं का? माझ्या बाबतीत ते उलटं झालं. मी धरून चालले की वेडाच्या भरात मागतोय, आणि तो पूर्ण शुद्धीवर होता.

डॅन्सी म्हणतो तत्त्वांची गरजच नाही. इथपर्यंत मी त्याच्याबरोबर जात नाही. आंबेडकरांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या त्या भाषणात नियम आणि तत्त्व यात जो फरक केलाय तो मला जास्त नेमका वाटतो. नियम सांगतो हे कर, ते करू नकोस, आणि माणूस सवयीने करत जातो. तत्त्व म्हणजे विचार करायची पद्धत, ते कशाकडे बघायचं ते दाखवतं. तत्त्व चुकीचं असू शकतं पण त्याप्रमाणे केलेली कृती जाणीवपूर्वक असते, तिची जबाबदारी घेता येते. नियम बरोबर असू शकतो तरी कृती यांत्रिक राहते. त्यांचा रोख धर्माच्या नावाखाली चाललेल्या विधिनिषेधांवर होता आणि तो किती मोठा आणि गंभीर विषय आहे, माझा घरगुती प्रसंग त्याच्याशेजारी ठेवायची हिंमत होत नाही. तरी तो जबाबदारीचा मुद्दा मला लागला. फोनवर मी भावाला काय म्हणाले? "तूच म्हणाला होतास." म्हणजे नाही म्हणणारी मी, आणि निर्णय त्याच्या नावावर.

आयरिस मर्डॉकने १९७० मधल्या एका पुस्तकात सासूसुनेचं उदाहरण दिलंय. सासूला सून आवडत नाही, उथळ वाटते, पोरकट वाटते, पण ती वागते अगदी नीट, कुठेही उणा शब्द नाही. मग सासू स्वतःलाच म्हणते की मी कदाचित पूर्वग्रहाने बघतेय, जरा परत बघू. आणि हळूहळू तिला दिसतं की पोरकट नाही, आनंदी आहे, उथळ नाही, मोकळी आहे. बाहेरून बघाल तर सासूचं वागणं आधी होतं तसंच आहे, एकही नियम आधी मोडला नव्हता आणि एकही नवीन पाळला नाही. तरी काहीतरी खूप मोठं नैतिक घडलंय. नियमांच्या भाषेत हे सांगायला शब्दच नाहीत. आणि उलटंही घडतं, एकही नियम न मोडता माणूस बघायचं थांबतो. वैश्विक नियमाचा मला जाणवलेला कच्चेपणा हा आहे. तो चुकीचं उत्तर देतो हे तर कधीकधी होतंच, पण उत्तर बरोबर असो की चूक, ते हातात आल्यावर समोर कोण आहे हे बघायची तसदी घ्यावीशी वाटत नाही.

इथे मी थांबणार होते. पण मागच्या महिन्यात भाऊ घरी आला. वर्षभर त्याने गेम खेळलेला नाही. चहा झाला, आणि म्हणाला, "ताई, तो शब्द अजून आहे ना?"

मी म्हटलं, "अरे, तसा आता नाही देणार. तू मागितलेस तर मी येईन, बघेन, वहिनीशी बोलेन, आणि मग ठरवेन."

तो मान हलवत राहिला. म्हणाला, "मग काय उपयोग? तू बघायला आलीस की मी तुला पटवणार. मला येतं ते. नादात होतो तेव्हा मी सगळ्यांना पटवलं, बायकोला, बाबांना, ऑफिसात. प्रत्येकाने नीट बघितलं होतं, विचार केला होता, आणि मग दिले होते. मला असं कुणीतरी हवंय ताई की जे बघणार नाही."

ब्रॅड हूकर नावाचा तत्त्वज्ञ डॅन्सीला असंच काहीसं सांगतो, की जो माणूस प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो त्याच्यावर दुसऱ्याने भरवसा कसा ठेवायचा. मी तो आक्षेप वाचला होता आणि मला तो जरा पुस्तकी वाटला होता. भावाच्या तोंडून ऐकताना पुस्तकी वाटला नाही.

"आणि त्या रात्रीचं?" मी विचारलं. "सासऱ्यांचं?"

"त्या रात्री तू चुकलीस," तो म्हणाला, "पण तू नाही म्हणालीस म्हणून मला वर्षभर कुणाकडे मागायचा धीर झाला नाही, ते पण आहे."

मी अजून त्याला शब्द दिलेला नाही. त्याने परत विचारलेलंही नाही. काल वहिनीला फोन केला होता, सहजच, सासऱ्यांची चौकशी करायला. अर्धा तास बोललो.